मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा : नर, मादी आणि वाण

इंदूर शहराच्या अंगवळणी २०१५ सालापासून एक नवी गोष्ट पडली आहे. मेंदू मृत झालेल्या एखाद्या व्यक्तीच्या आप्तांनी अवयवदानास संमती दिली, की शहरातील वाहतूक काही काळ थोपवून धरण्यात येते आणि मोकळ्या केलेल्या रस्त्याने रुग्णवाहिका एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयाकडे किंवा विमानतळाकडे धावते. या मोकळ्या रस्त्याला लोक 'ग्रीन कॉरिडॉर' म्हणतात. रुग्णवाहिकेतील पेटीत बर्फाच्या गारव्यात कधी यकृत असते, कधी मूत्रपिंड. ही सारी धावपळ रक्तासाठी असते. एका देहातून काढल्या क्षणापासून दुसऱ्या देहातील रक्तवाहिनीला जोडले जाईपर्यंत त्या अवयवाला रक्ताचा थेंबही मिळत नाही. गारव्यात ठेवलेले मूत्रपिंड साधारण एक दिवस तग धरते. देहाच्या उष्णतेत मात्र तासाभराचा उपासही त्याला बाधतो.

पुढे जे घडते ते अधिक विचार करण्याजोगे आहे. रक्तवाहिन्या जोडून चिमटे सोडले, की काही मूत्रपिंडे पाहता पाहता गुलाबी होतात आणि शस्त्रक्रियेच्या मेजावरच मूत्र स्रवू लागतात. काही मात्र दिवसचे दिवस मुकी राहतात आणि तोवर रुग्णाला डायलिसिसच्या यंत्राचा आधार घ्यावा लागतो. दात्याचे वय, त्याची प्रकृती, उपासाचा काळ ही त्याची कारणे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. परंतु या कारणांच्या जोडीला आणखी दोन गोष्टींचा विचार करणे भाग आहे, हे अलीकडच्या काळात उंदरांनी शिकविले. त्यांतील पहिली म्हणजे प्राणी नर आहे की मादी, आणि दुसरी म्हणजे तो कोणत्या वाणाचा आहे.

मूत्रपिंडाला रक्ताची एवढी गरज का भासते, हे आधी पाहिले पाहिजे. माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून जेमतेम ३०० ग्रॅम भरतात, म्हणजे देहाच्या वजनाचा २०० वा भागही नव्हे. परंतु हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे एक ते सव्वा लिटर रक्त, या दोन लहानशा अवयवांतून जाते. दर ग्रॅममागे दर मिनिटाला चार मिलिलिटर हा हिशेब मेंदूला मिळणाऱ्या रक्ताच्या सात-आठ पट भरतो. पोषणासाठी इतके रक्त लागत नाही, गाळण्यासाठी लागते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख केशवाहिन्यांचे गुच्छ असून त्यांतून दिवसाकाठी १८० लिटर पाणी गाळले जाते आणि त्यातील दीड-दोन लिटर वगळता बाकीचे सारे पुन्हा रक्तात घेतले जाते.

या व्यवहारात एक विचित्र विषमता आहे. आलेल्या रक्तापैकी सुमारे नऊ दशांश रक्त मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराला मिळते. आतल्या गाभ्याच्या वाट्याला उरलेसुरले येते आणि तेथे प्राणवायूची सदैव टंचाई असते. मूत्र दाट करण्याचे काम याच गाभ्यात चालते; तेथून रक्त जोराने वाहिले तर साठविलेले क्षार धुऊन जातील, म्हणून ही काटकसर. भरल्या घरात एकाच खोलीने कायम अर्धपोटी राहावे असा हा प्रकार आहे. साहजिकच रक्तपुरवठा तुटला की पहिला घाला बाहेरचा थर आणि गाभा यांच्या सीमेवरील पेशींवर पडतो.

आता उंदराकडे वळू. प्रयोगशाळेतील पांढऱ्या किंवा काळ्या उंदराचे वजन २५ ग्रॅमच्या आसपास असते. त्याच्या साऱ्या देहात मिळून दोन मिलिलिटरच्या आतबाहेर रक्त असते आणि त्याचे हृदय मिनिटाला पाचसहाशे वेळा आकुंचन पावते. मूत्रपिंड एखाद्या चवळीच्या दाण्याएवढे, त्यात दहा-पंधरा हजार गुच्छ. मात्र दर ग्रॅममागे मिळणारे रक्त माणसाच्या जवळपास त्याच घरातले असते. अवयवाची ठेवण तीच, संप्रेरके बव्हंशी तीच, आणि पिढी मात्र तीन महिन्यांत बदलते. शास्त्रज्ञांनी उंदराची निवड केली यात नवल नाही.

अडचण येते ती मोजमापात. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ होमर स्मिथ याने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या प्राण्यांसाठी व माणसांसाठी जी पद्धत रूढ केली, तिच्यात एक निरुपद्रवी रसायन रक्तात सोडतात. मूत्रपिंडातून एकदा जाताना रक्त त्या रसायनापासून जवळजवळ पूर्णपणे मुक्त होते. तेव्हा मूत्रात ते किती उतरले आणि रक्तात किती होते, यावरून मूत्रपिंडातून किती रक्त गेले हे गणिताने काढता येते. पद्धत सुंदर आहे, परंतु तिला वरचेवर रक्ताचे नमुने लागतात. ज्याच्या देहात सारे मिळून दोन मिलिलिटर रक्त, त्याच्याकडून ते किती वेळा मागावयाचे! नमुना घेण्यानेच रक्तदाब उतरतो आणि जे मोजावयाचे तेच बदलून जाते. भूल दिल्यानेही रक्तप्रवाह बदलतो, तो वेगळाच.

यावर निघालेल्या उपायांपैकी एक लेसर किरणांचा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी इंदूरच्या राजेंद्र नगरइतके योग्य ठिकाण शोधून सापडणार नाही. मराठी कुटुंबांची दाट वस्ती असलेल्या या वसाहतीला लागूनच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. १९८४ साली त्याचा पाया घातला गेला. २००५ साली त्याला राजा रामण्णांचे नाव मिळाले, तरी परिसरातील लोकांच्या तोंडी 'कॅट' हेच जुने नाव आहे. लेसर आणि कणत्वरक ही या केंद्राची मुख्य क्षेत्रे होत. राजेंद्र नगरच्या रेल्वे स्थानकावर उभे राहिलेल्या माणसाला गाडी येताना तिची शिटी चढ्या स्वरात ऐकू येते आणि गाडी पुढे निघून जाताना तोच स्वर उतरतो. डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ साली याचे कारण सांगितले आणि तेच तत्त्व प्रकाशालाही लागू पडते. लेसरचा मंद किरण एखाद्या अवयवावर टाकला असता स्थिर पेशींवरून परतणारा प्रकाश जसाच्या तसा येतो. धावत्या तांबड्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या प्रकाशाची कंपनसंख्या मात्र किंचित बदललेली असते. त्या बदलावरून रक्ताच्या गतीचा अंदाज बांधता येतो, आणि त्यासाठी रक्ताचा थेंबही काढावा लागत नाही.

राजेंद्र नगरच्या या केंद्रात प्रकाशाच्या साहाय्याने ऊतींच्या आतले थर पाहण्याची यंत्रेही तयार झाली असून तेथील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या त्वचेवरील जखमा कशा भरून येतात याचा त्यांच्या साहाय्याने अभ्यास केला आहे. तो अभ्यास त्वचेचा होता, मूत्रपिंडाचा नव्हे. परंतु प्रकाशाची मर्यादा त्यावरून नेमकी कळते. ऊतीत शिरलेला किरण मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाताच विखरून जातो. त्वचेला तेवढे पुरते. उंदराच्या मूत्रपिंडाचा बाहेरचा थर कसाबसा त्या टप्प्यात येतो, आणि तोही पोट उघडून मूत्रपिंडाजवळ किरण नेला तर. टंचाईग्रस्त गाभा अंधारातच राहतो. म्हणून अलीकडे चुंबकीय प्रतिमेचे तंत्र पुढे आले आहे. त्यात मूत्रपिंडाकडे निघालेल्या रक्तातील पाण्याच्या कणांवर चुंबकीय लहरींनी जणू खूण करतात आणि ते कण मूत्रपिंडात कोठे व किती पोहोचले याची चित्रे घेतात. पोट फाडावे लागत नाही, औषध टोचावे लागत नाही, आणि तोच उंदीर आठवड्याने पुन्हा तपासता येतो.

साधने हाती आली, तरी निष्कर्ष काढताना पहिलाच खड्डा वजनाचा आहे. उंदराच्या नराचे मूत्रपिंड मादीच्या मूत्रपिंडाहून मोठे असते, आणि बहुतेक वाणांत देहाच्या वजनाशी पडताळून पाहिले तरी मोठेच भरते. हान्स सेल्ये याने १९३९ साली दाखवून दिले, की टेस्टोस्टेरोन हे पुरुषसंप्रेरक टोचल्यास उंदराचे मूत्रपिंड वाढते. उलट, खच्ची केलेल्या नराचे मूत्रपिंड मादीच्या मापाकडे झुकते. सूक्ष्मदर्शकाखालीही भेद दिसतो. गुच्छाभोवतालच्या वाटीचे अस्तर मादीत चपट्या पेशींचे असते, तर प्रौढ नरात त्याच जागी उंच, चौकोनी पेशी आढळतात. तेव्हा नराच्या मूत्रपिंडाला अधिक रक्त मिळते, असे कोणी सांगितले तर ते संपूर्ण मूत्रपिंडाला की दर ग्रॅमला, हे विचारले पाहिजे. या दोन प्रश्नांची उत्तरे परस्परविरुद्धही येऊ शकतात. अनेक जुन्या वादांचे मूळ ज्ञानात नसून भागाकारात आहे, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरणार नाही.

आकार सोडला तरी रक्तवाहिन्यांची वागणूकही नरमादीत निराळी असते. १८९८ साली टिगरस्टेट आणि बर्गमन या दोघांनी सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कात रक्तदाब वाढविणारा पदार्थ शोधला व त्याला रेनिन हे नाव दिले. रक्त कमी पडते आहे अशी चाहूल लागताच मूत्रपिंड रेनिन सोडते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते आणि ते रक्तवाहिन्यांना आवळते. परंतु अँजिओटेन्सिनला पेशींवर दोन प्रकारची दारे आहेत. एका दारातून त्याची आज्ञा गेली तर वाहिनी आकसते, दुसऱ्यातून गेली तर सैलावते. हे सैल करणारे दार ज्या जनुकामुळे घडते तो जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मादीच्या मूत्रपिंडात अशी दारे नरापेक्षा अधिक आढळतात. शिवाय इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक वाहिन्यांच्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड हा वायू अधिक तयार करवून घेते, आणि त्यानेही वाहिन्या रुंदावतात. माणसाच्या बाबतीत याची सर्वांत ठळक साक्ष गर्भारपणात मिळते. त्या काळात स्त्रीच्या मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तप्रवाह निम्म्याहून अधिक वाढतो.

येथे एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. नरमादीतील भेद संप्रेरकांचा की गुणसूत्रांचा? निसर्गात या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून येतात. पण उंदरांत त्यांची फारकत करण्याची युक्ती सापडली आहे. वृषण घडविणारा जनुक वाय गुणसूत्रावरून उचलून दुसऱ्याच एका गुणसूत्रावर बसवितात. मग दोन एक्स असूनही वृषणे असलेले, आणि एक्स-वाय असूनही बीजकोश असलेले उंदीर जन्माला येतात. २००२ सालापासून वापरात आलेल्या अशा चार प्रकारच्या उंदरांवरून असे दिसू लागले आहे, की बराचसा भेद संप्रेरकांचा असला तरी सारा त्यांचा नव्हे. गुणसूत्रांचा वाटा वेगळा काढून दाखविता येतो.

आता वाणाकडे येऊ. शेतकऱ्याला ज्वारीचा वाण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. उंदरांचेही तसेच वाण आहेत. सख्ख्या बहीणभावांचा संकर सलग वीस पिढ्या केला, की निपजणारे उंदीर जुळ्यांसारखे एकसारखे होतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲबी लॅथ्रॉप नावाच्या निवृत्त शिक्षिका हौसेने व विक्रीसाठी उंदीर पाळीत. त्यांच्याकडील ५७ क्रमांकाच्या मादीपासून क्लॅरेन्स लिटल याने १९२१ साली काळ्या उंदरांचा जो वाण सुरू केला, त्याची 'सी-५७ ब्लॅक-६' ही शाखा आज जगात सर्वाधिक वापरली जाते. २००२ साली उंदराच्या जनुकांचा जो संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला तोही तिचाच. स्विस उंदरांची कथा याहून साधी आहे. १९२६ साली क्लारा लिंच यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान येथून दोन नर आणि सात माद्या अमेरिकेत नेल्या, आणि जगभरच्या प्रयोगशाळांतील असंख्य पांढरे उंदीर त्या नऊ जिवांची संतती आहेत.

वाण आणि लिंग यांचा एकत्र विचार मराठी शास्त्रज्ञांना नवा नाही. पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कामाला आरंभ केला. स्तनाच्या कर्करोगावर संशोधन करताना त्यांनी उंदरांचे वाण, त्यांची संप्रेरके आणि विषाणू या तिहींचा परस्परसंबंध शोधला. एका वाणाच्या माद्यांना हमखास होणारा रोग दुसऱ्या वाणाच्या माद्यांना सहसा होत नाही, ही त्या क्षेत्रातली मूलभूत गोष्ट. स्तनाच्या बाबतीत जे तेव्हा सर्वमान्य होते, ते मूत्रपिंडाच्या बाबतीत ध्यानी यावयास मात्र बराच काळ लागला.

मूत्रपिंडासाठी वाणांतला महत्त्वाचा भेद रेनिनचा आहे. 'सी-५७ ब्लॅक-६' उंदरात रेनिनचा एकच जनुक असतो. '१२९' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाणात आणि स्विस उंदरांत तो दोन असतो. फार पूर्वी कधीतरी त्या जनुकाची नक्कल होऊन ती शेजारीच राहून गेली. गंमत अशी, की हा दुसरा जनुक आपले काम मुख्यतः जबड्याखालच्या लाळग्रंथीत करतो आणि टेस्टोस्टेरोनच्या हुकमावर करतो. त्यामुळे दोन जनुकांच्या वाणातील नराच्या लाळग्रंथीत रेनिनचा मोठा साठा सापडतो, तर मादीच्या ग्रंथीत तो फारच कमी असतो. वाण आणि लिंग हे दोन स्वतंत्र घटक आहेत असे समजून चालणाऱ्याला याहून चांगला धडा मिळणार नाही. मीठ आणि मीठ साठवून ठेवणारे संप्रेरक दिले असता दोन जनुकांच्या उंदरांचा रक्तदाब अधिक चढतो. मूत्रपिंडाचा बराच भाग काढून टाकून उरलेल्यावर ताण आणला, तर '१२९' वाणाचे गुच्छ वण पडून निकामी होऊ लागतात. 'सी-५७ ब्लॅक-६' मात्र तीच शस्त्रक्रिया बऱ्यापैकी पचवितो.

याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. उंदरातील हवा तो जनुक बंद करण्याची विद्या साधली, आणि तिच्या जनकांना २००७ सालचे नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु त्या कामासाठी लागणाऱ्या मूळपेशी आरंभी बहुधा '१२९' वाणाच्या घेत आणि जन्मलेल्या पिलांचा संकर पुढे 'सी-५७ ब्लॅक-६' शी करीत. मग रक्तदाबात किंवा रक्तप्रवाहात जो फरक दिसे, तो बंद केलेल्या जनुकाचा की नकळत सोबत आलेल्या दुसऱ्या वाणाच्या वारशाचा, हे सांगणे कठीण होई. यावर उपाय म्हणून एकाच वाणाशी दहा पिढ्या पुन्हा पुन्हा संकर करतात. प्रत्येक पिढीत परका अंश निम्मा होत जाऊन अखेर तो हजारातील एका हिश्शावर येतो. तरीही बंद केलेल्या जनुकाच्या अगदी शेजारचा तुकडा चिकटून राहतोच.

एवढे सारे ठाऊक असूनही अनेक दशके बहुतेक प्रयोग एकाच वाणाच्या नरांवर होत राहिले. मादीचे ऋतुचक्र चारपाच दिवसांनी फिरते, तेव्हा तिची मोजमापे चंचल असणार, अशी सबब सांगितली जाई. २०१४ साली २९३ शोधनिबंधांतील मोजमापे एकत्र तपासण्यात आली, तेव्हा मादीची मोजमापे नराच्या मोजमापांहून अधिक अस्थिर नसल्याचे आढळले. एकत्र पिंजऱ्यात ठेवलेल्या नरांत कोण वरचढ यावरून टेस्टोस्टेरोनची चढउतार होते, ती कोणी सबब म्हणून कधी पुढे केली नव्हती! २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अनुदान मागणाऱ्यांना प्राण्यांच्या प्रयोगांत नर व मादी या दोहोंचा विचार करणे बंधनकारक केले.

या सर्वांचा रुग्णशय्येशी संबंध कोठे येतो? २००४ साली बोनव्हेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा काही वेळ थांबवून पुन्हा सुरू केला. नरांच्या मूत्रपिंडांची फार हानी झाली, माद्यांची कमी झाली. नर आधी खच्ची केले असता त्यांचीही हानी घटली. खच्ची नरांना किंवा माद्यांना टेस्टोस्टेरोन दिले, की तीच हानी पुन्हा वाढली. मादीला केवळ इस्ट्रोजेनचे कवच आहे असे नसून नराच्या डोक्यावर त्याच्याच संप्रेरकाचा भार आहे, असा त्याचा अर्थ होता.

२०१६ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील संशोधकांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांनी उंदरांत मूत्रपिंडांचे प्रत्यारोपण केले आणि नराचे मादीला, मादीचे नराला, असे सर्व जोड लावून पाहिले. मूत्रपिंड कोणाचे होते याहून ते कोणाच्या देहात गेले हे अधिक मोलाचे ठरले. मादीच्या देहात बसविलेली मूत्रपिंडे रक्ताचा उपास अधिक चांगला सोसून गेली. अमेरिकेतील प्रत्यारोपणांच्या नोंदी त्यांनी पडताळल्या, तेव्हा माणसांतही स्त्री-रुग्णांच्या बाबतीत नवे मूत्रपिंड मुके राहण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा कमी आढळले.

हा निष्कर्ष भारतातल्या वाचकाला थोडा अस्वस्थ करणारा आहे. आपल्या देशात जिवंत दात्याकडून मिळणारी मूत्रपिंडे बहुतांशी स्त्रिया देतात आणि ती मिळतात बहुतांशी पुरुषांना. आई मुलाला देते, पत्नी पतीला देते. उलट दिशेने ते क्वचितच जाते. ज्या देहात नव्या मूत्रपिंडाला रक्ताचा उपास सोसणे अधिक सोपे जाण्याचा संभव, त्या देहाला ते कमी वेळा मिळते. यामागची कारणे उंदरांत सापडणारी नाहीत.

उंदरावरून माणसाकडे येताना सावधगिरी हवी हे खरेच. माणसात शुद्ध वाण नाहीत. आपण सारे संकरित. पण म्हणून वारशाचा प्रश्न संपत नाही, तो अधिक गुंतागुंतीचा होतो. २०१० साली आढळून आले, की पश्चिम आफ्रिकी वंशाच्या अनेक लोकांत एका जनुकाची अशी रूपे असतात जी निद्रारोगापासून संरक्षण देतात, परंतु आईवडील दोघांकडूनही मिळाली तर मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढवितात. भारतासारख्या देशात, जेथे कित्येक समाजांत विवाहसंबंध शतकानुशतके आपापसांतच होत आले, तेथे असा शोध घेण्यास वाव मोठा आहे. पेनसिल्व्हानियाच्या प्रयोगात मादी उंदरांना रक्तपुरवठा थांबविण्यापूर्वी इस्ट्रोजेन दिले असता त्यांची मूत्रपिंडे आणखी चांगली टिकली. हाच उपाय शस्त्रक्रियेच्या मेजावरील पुरुषाला लागू पडेल काय, आणि पडला तर तो कोणत्या वारशाच्या पुरुषाला, हे एकाच वाणाच्या उंदरांवरून कोणालाही सांगता येणार नाही.